डबा आला का जी?

अमरावती-अकोला रस्ता गिनीज बुकात आहे. वऱ्हाडातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो आकडे सांगेल : जून २०२२, लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबर, १०५ तास ३३ मिनिटं. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. त्यांना दहा दिवस लागले होते. आपण त्यांना धूळ चारली. धूळ आपल्याकडे आधीपासूनच मुबलक होती म्हणा.

या विक्रमी रस्त्यावरून सध्या एक बाप मोटरसायकलनं अकोल्याकडे निघालेला असतो. अमरावतीत त्याला सांगितलेलं असतं, ‘अकोल्याले भेटून जाईन.’ त्याच सकाळी अकोल्याच्या जठारपेठेतला दुसरा बाप अमरावतीकडे निघालेला असतो. त्यालाही तेच सांगितलेलं असतं, फक्त गावाचं नाव बदलून. मूर्तिजापूरच्या टपरीवर दोघं शेजारी शेजारी चहा पितात, एकमेकांना ओळखत नाहीत आणि पुढे निघतात. दुपारी दोघंही रिकाम्या हातानं परत. रस्ता मात्र उत्तम. कंबर अजिबात दुखत नाही.

दोघांनाही हवा असतो तो एक डबा. चारशे ग्रॅमचा, भुकटीचा. त्यांच्या लेकरांना गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे.

‘दुधाची ॲलर्जी’ म्हटलं की वऱ्हाडातलं अर्धं गाव हसतं आणि उरलेलं अर्धं सल्ला देतं. प्रकरण हसण्यासारखं नाही. दुधातली केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही प्रथिनं या लेकराच्या शरीराला शत्रू वाटतात. कोणाच्या शीतून रक्त जातं, कोणाचं अंग चट्ट्यांनी भरतं, कोणी पाजलेलं सगळं ओकून टाकतं. वजनाचा काटा हलत नाही. आईचं दूध येत असेल तर तेच उत्तम. मग दुधाचं पथ्य आईनं पाळायचं. आईचं दूध नसेल किंवा पुरत नसेल, तर त्या प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली भुकटी द्यावी लागते. डॉक्टर तिला हायड्रोलाइज्ड म्हणतात. तीही सोसली नाही तर त्याच्यापुढची, थेट अमिनो ॲसिडची. वरच्या दुधावरच्या पाच-सहा महिन्यांच्या लेकरापुढे तिसरा मार्ग फारसा नसतो. बाजारात दिसणारे बाकीचे बहुतेक डबे गाईच्याच दुधाचे.

आता हिशेब करा. सहा किलोचं लेकरू किलोमागे दीडशे मिलीच्या हिशेबानं दिवसाला नऊशे मिली पितं. त्याला साधारण १२० ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे डबा तीन दिवसांत खडखडीत. महिन्याला नऊ-दहा डबे. एका डब्याची छापील किंमत चार आकडी, अमिनो ॲसिडवाल्याची तर बोलूच नका.

पैसे ही दुसरी अडचण. पहिली अडचण डबाच नाही ही.

औषधाच्या दुकानात घडणारा संवाद थोड्याफार फरकानं असा असतो.

‘डबा आला का जी?’

‘कोनता?’

बाप मोबाइलमधला फोटो पुढे करतो. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो, नाव ओठांतल्या ओठांत वाचतो, मग पोऱ्याला माळ्यावर चढवतो. पोऱ्या वरूनच ओरडतो, ‘नाई हाय!’

‘वरूनच माल नाई येऊन राह्यला भाऊ. शॉर्ट आहे. हा घेऊन जा ना, हा बी तसाच आहे.’

‘याच्यावर लॅक्टोज फ्री लिहून आहे.’

‘मंग? दुधाचाच प्रॉब्लेम आहे ना तुमच्या लेकराले?’

इथे बाप शिकलेला असला तर वाचतो, नसला तर लेकरू भोगतं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती काढून टाकलेला डबा ज्यांना साखर पचत नाही त्यांच्यासाठी. यात प्रथिनं सगळी जागच्या जागी, गाईचीच. म्हणजे चोराला घरात ठेवून त्याची चप्पल तेवढी बाहेर फेकली. पण दोन्ही डबे एकाच फळीवर, दोन्हींवर बारीक अक्षरं, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक रिकामं पाठवणं जड जातं. तो वाईट माणूस नाही. चार दिवसांनी लेकराचं पोट पुन्हा बिघडतं, तेव्हाही तो बिचारा मनापासून हळहळतो आणि ओआरएसचं पाकीट काढून देतो.

दुकानदाराच्या बाजूनंही बोललं पाहिजे. महिन्याला दहा डबे नेणारं गिऱ्हाईक सोन्यासारखं, पण ते असतं एकच. स्टॉकिस्टकडे अख्खा बॉक्स मागवावा, आणि नेमकी तेव्हाच लेकराची आई बाळाला घेऊन पुण्याला माहेरी जावी. किंवा डॉक्टरांनी डबा बदलावा. किंवा लेकरू सुधारावं. (लेकरू सुधारलं की दुकानदाराचा तोटा होतो, असा हा एकमेव धंदा नाही, तो विषय वेगळा.) उरलेले डबे फळीवर एक्स्पायरीची वाट पाहतात. म्हणून तो म्हणतो, अ‍ॅडव्हान्स ठेवा, ऑर्डर टाकतो. स्टॉकिस्ट म्हणतो, दोन-चार पार्ट्यांच्या ऑर्डरी जमू द्या. कंपनीचा डेपो म्हणतो, तुमच्या भागात मागणीच नाही. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून डॉक्टरही तो डबा लिहिताना दहादा विचार करतात. मग डेपोच्या कॉम्प्युटरवर मागणी आणखी कमी दिसते. या साखळीत प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर आहे. लेकरू मात्र दर तीन तासांनी भुकेलं होतं. त्याला अजून साखळी वगैरे कळत नाही.

ऑनलाइन मागवा, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतात. मागवतात लोक. ४४४६०१ टाकलं की पडदा सांगतो, या पिनकोडवर पोच नाही. अकोल्याचा ४४४००१ टाकला तर पोच आहे, पण माल संपलाय. तिसऱ्या ठिकाणी माल आहे, पोच आहे, आणि तारीख दहा दिवसांनंतरची. दहा दिवसांत लेकरू तीन डबे पितं. ते काय पिणार, हे ॲपवर लिहिलेलं नसतं. चार-पाच चांदण्या द्यायची सोय तेवढी असते.

मग नागपूरचा साडू डबे मिळवतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो. ड्रायव्हरच्या हातावर पैसे, त्याचा नंबर व्हॉट्सॲपवर, पहाटे चौकात उभं राहायचं. डब्यावर छापलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात वऱ्हाडात थंड जागा सांगा बरं. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या वर, आणि डबा डिकीत, कोणाच्या तरी संत्र्याच्या पेटीखाली.

आता सरकार.

डॉक्टर डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहितात. तो मिळतो औषधाच्या दुकानात. डब्यावरही बजावलेलं असतं की आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानंच वापरा. तुम्ही-आम्ही त्याला औषध समजू. कायदा समजत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते अन्न. २०१३ च्या औषध किंमत आदेशानं काही औषधांच्या किमतींना छत घातलं, ते छत या डब्यावर नाही, कारण ते औषध नाही. तुटवडा झाला म्हणून तक्रार करायला जा, तर तीच अडचण : बिस्किटाचा तुटवडा झाला तर कोण धावतं? महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही एकाच प्रशासनाकडे, एकाच पाटीखाली आहेत, हा त्यातला विनोद. या टेबलावरून त्या टेबलावर फाईल न्यायला उठावंही लागू नये. पण उठावंच लागत नसेल तर आपल्याकडे फाईल हलत नाही.

दुसरा कायदा १९९२ चा, बाळाच्या दुधाच्या डब्यांचा. जाहिरात नको, फुकट नमुने नकोत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नको, आणि आईचं दूधच उत्तम हे ठळक लिहा. हा कायदा चांगला आहे. कंपन्यांनी गरीब देशांतल्या आयांच्या हातात बाटल्या कोंबून जो धंदा केला, त्यावरून १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्कार पडला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला आचारसंहिता करावी लागली. तेव्हा कोणी असं समजू नये की हे सदर डबेवाल्यांच्या वतीनं बोलतंय. कायद्यानं कंपनीला सांगितलं, ढोल वाजवू नका. कंपनीनं ढोल ठेवला, आणि जिथं खप नाही तिथला मालही ठेवून दिला. ज्याला तो डबा खरोखर लागतो त्याच्यापर्यंत कोणी पोचवायचा, हे मात्र कुठल्याच कलमात नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे. आता सगळ्यांना, कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंत. पण उपचार भरती होऊन घेतले तर. डबा घरी बसून पितात, म्हणून तो योजनेत नाही. डबा न मिळून लेकरू इतकं खंगलं की भरती करावं लागलं, तर मग कार्ड चालतं. योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर थोडी कळ काढा.

दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. त्यात मदत ५० लाखांपर्यंत. त्यात ही ॲलर्जी बसत नाही. आमच्या या लेकरांचं नेमकं दुखणं इथं आहे : सरकारनं दखल घ्यावी इतकी ती दुर्मीळ नाहीत, आणि दुकानदारानं माल ठेवावा इतकी गल्लोगल्ली नाहीत. मधल्या मधे राहिली.

कोणी म्हणेल, अहो, मेळघाटात लेकरं कुपोषणानं जातात आणि तुम्ही कसल्या डब्याचं रडगाणं गाता? प्रश्न रास्त आहे. म्हणून मेळघाटाकडेच जाऊ. तीव्र कुपोषित लेकरू पोषण पुनर्वसन केंद्रात आणलं की त्याला एफ-७५ आणि मग एफ-१०० देतात. जगभर वापरलं जाणारं, लाखो लेकरांना वाचवणारं दूध. दूधच ते, स्किम्ड दुधाच्या भुकटीपासून केलेलं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या एखाद्या लेकराला दुधाचीच ॲलर्जी असेल तर? त्याला जुलाब होतील, वजन वाढणार नाही, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं जाईल : जुलाब, वजन वाढत नाही. अमरावतीच्या राजापेठेतलं लेकरू निदान डब्यासाठी रडतं. तिकडच्या लेकराला आपल्याला कोणता डबा हवा हेच कोणी सांगितलेलं नसतं. तेव्हा हा सुखवस्तूंचा प्रश्न दिसतो याचं कारण निदान सुखवस्तूंचंच होतं, इतकंच.

श्रीमंत देशांत असं होत नाही, असं वाटत असेल तर तेही खरं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मिशिगनमधल्या स्टर्जिस गावचा ॲबटचा कारखाना जंतूंच्या संशयानं बंद झाला आणि अमेरिकेत बाळांचे डबे गायब झाले. सगळ्यात आधी गायब झाले ते ॲलर्जीवाले, कारण ते बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथल्या आयाही या दुकानातून त्या दुकानात गाड्या पळवत होत्या. फरक पुढचा. २२ मे २०२२ ला जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून हवाई दलाचं सी-१७ उडालं आणि इंडियानापोलिसला उतरलं. या विमानात एरवी रणगाडे असतात. त्या दिवशी ॲलर्जीच्या लेकरांचे डबे होते. राष्ट्राध्यक्षांनी मोहिमेला नाव दिलं, मंत्री विमानतळावर उभे राहिले, दिखावा झाला. पण दिखाव्याच्या पोटात डबे खरे होते.

त्यानंतर बाराव्या दिवशी आपण डांबर टाकायला सुरुवात केली.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला आता आपलंही विमान उतरतं. १६ एप्रिल २०२५ पासून मुंबई-अमरावती सुरू झालं. पहिल्या विमानातून कोण कोण आलं, कोणी कोणाला पुष्पगुच्छ दिला, याच्या बातम्या आपण वाचल्या. अमरावतीचं सरकारी मेडिकल कॉलेजही झालं, ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी दुरूनच उद्घाटन केलं. अकोल्याचं तर २००२ पासून आहे. इमारती, विमानं, रस्ते, सगळं पोचलं. डबा तेवढा ट्रॅव्हल्सनं.

डबा नसला की घराघरांत जे चालतं ते कुठल्याही अहवालात येत नाही. आधी सल्ले येतात. आजी म्हणते, शेळीचं द्या, गांधीबाबा तेच पीत होते. गांधीजी पीत होते हे खरं, सेवाग्राम काही लांब नाही. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या इतकी जवळची की गाईचं न सोसणाऱ्या दहातल्या नऊ लेकरांना शेळीचंही सोसत नाही. मग गाढविणीच्या दुधाची आठवण निघते. गल्लीतून ओरडत जाणारा दूधवाला चमचाभर दूध काढून देतो आणि नोट घेतो. हिंगोलीकडून २०२१ मध्ये दहा हजार रुपये लिटरच्या बातम्या आल्या होत्या. गंमत अशी की सगळ्या सल्ल्यांत विज्ञान त्यातल्या त्यात गाढविणीच्या बाजूनं आहे. तिचं दूध आईच्या दुधाच्या बऱ्यापैकी जवळ जातं आणि इटलीत डॉक्टरांनी ते अशा लेकरांवर वापरूनही पाहिलं आहे. पण ते तपासलेलं, उकळलेलं आणि वरून स्निग्धांश घातलेलं. रस्त्यावर धार काढून कच्चं पाजलेलं नव्हे. आणि नऊशे मिलीसाठी किती गाढविणी लागतील, हा हिशेब ज्यानं-त्यानं करावा.

बाळंतिणीचं पथ्य हा आणखी वेगळा अध्याय. आईनं दूध, दही, ताक, पनीर, खवा, दुधाची भुकटी घातलेलं बिस्कीट, सगळं सोडायचं. वऱ्हाडातल्या बाळंतिणीनं! जिच्या खाटेखाली डिंकाच्या लाडवांचा डबा आणि जिच्या पुढ्यात अळिवाची खीर, तिनं. सासू कपाळाला हात लावते. ‘माय व, दूध सोडलं तं दूध येईन कुठून?’ या प्रश्नाला तर्काचा असा काही घाट आहे की भलेभले डॉक्टर गप्प बसतात. सुनेनं नेमानं दूध सोडलेलं असतं, लेकराच्या शीतलं रक्त थांबत नाही, आणि तीन आठवड्यांनी कळतं की सासूबाई मायेपोटी शिऱ्यात दूध घालत होत्या. अर्धा पेला. ‘एवढ्यानं काय होते?’

या सगळ्यांपेक्षा वाईट गोष्ट गुपचूप होते. डब्यात भुकटी चार दिवसांची आणि पुढचा डबा आठ दिवसांनी, अशी वेळ आली की आई माप कमी करते. पाच मापांच्या पाण्यात चार. मग साडेतीन. बाटली तेवढीच भरलेली दिसते, लेकरू तेवढंच पितं, निजतंही. पोटात मात्र पाणी जातं. उष्मांक कमी पडतात, वजन थांबतं, आणि फार पातळ पाजत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून लेकराला झटके येऊ शकतात. कोणतीही आई हे डॉक्टरांना आपणहून सांगत नाही. डॉक्टर वजन बघतात आणि म्हणतात, डबा मानवत नाही वाटतं, बदलू. बदललेला डबा आणखी महाग असतो, आणि तो तर नागपुरातही नसतो.

आता एक जाब डॉक्टरांनाही. रडणारं प्रत्येक लेकरू ॲलर्जीचं नसतं. युरोपातल्या नऊ देशांत बारा हजार लेकरांचा पाठपुरावा झाला, तेव्हा नीट तपासून पक्की ठरलेली दुधाची ॲलर्जी ०.५४ टक्के निघाली. उलट इंग्लंडमध्ये, जिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरचं सगळं फुकट मिळतं, या खास डब्यांच्या चिठ्ठ्या २००६ ते २०१६ या दहा वर्षांत एक लाख पाच हजारांवरून सहा लाखांच्या वर गेल्या. लेकरं एकाएकी सहापट ॲलर्जिक झाली नव्हती. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०१८ मध्ये खोदलं, तर निकष ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या मागे डबेवालेच उभे दिसले. म्हणजे तिकडे नको त्यालाही डबा, इकडे हवा त्यालाही नाही. आपल्याकडेही एका भेटीत, पाळण्याकडे न बघता, ॲलर्जी लिहिणारे आहेत. योग्य रीत सोपी आहे : दोन ते चार आठवडे दूध बंद, लेकरू सुधारलं तर डॉक्टरांच्या देखरेखीत पुन्हा देऊन बघायचं, त्रास परतला तरच शिक्का. ‘पुन्हा देऊन बघा’ हा भाग आयांना नको असतो आणि ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांनाही परवडत नाही. परिणाम असा की दहा डब्यांतले काही अशा घरी जातात जिथे त्यांची गरज नाही, आणि ज्याच्या शीत रक्त आहे तो बाप मूर्तिजापूरला चहा पीत बसतो.

राहता राहिलं सोयाबीन. गाईच्या दुधाला दुसरा पर्याय सोयाबीनच्या भुकटीचा. सहा महिन्यांनंतर डॉक्टर तो देतात, स्वस्त पडतो म्हणून थोडा आधीही. काही लेकरांना तोही चालत नाही, पण बऱ्याच जणांचं भागतं. आता अमरावती, अकोला, वाशीम या पट्ट्यात सोयाबीन किती पिकतं हे मी सांगायला नको. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजार समितीत त्याच्याही खाली लावलेली बोली आपण ऐकतो. आपलं सोयाबीन पोत्यात भरून बाहेर जातं, तेल आणि पेंड होतं. दुसऱ्या कुठल्या सोयाबीनची भुकटी डब्यात बसून आपल्याकडे येते, आणि तीही ‘आज नाही, मंगळवारी पाहा’. ज्या शेतकऱ्याच्या नातवाला हायड्रोलाइज्ड डबा लागतो, त्याला महिन्याचे डबे घ्यायला निदान दोन क्विंटल सोयाबीन मोजावं लागतं. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल झालं तर तो नशीबवान. एकराचं पीक विकून लेकरू दोन महिने जगवा. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, सोयाबीनचे वाण निघतात, शिवारफेरी होते, दुधापासून चिवड्यापर्यंत सोयाबीनचे पदार्थ करून दाखवतात. बाळाच्या डब्याची गोष्ट कोणी काढत नाही. काढू नये असंही नाही; शुद्धतेचे नियम कडक आहेत, ते घरगुती चिवड्याचं काम नव्हे. पण निदान विषय तरी निघावा.

उपाय मोठा नाही, म्हणूनच त्याच्यात कोणाला रस नाही. अमरावतीत डफरीन रुग्णालय आहे, अकोल्यात लेडी हार्डिंग रुग्णालय आहे, दोन्हीकडे मेडिकल कॉलेजं. दोन्ही जिल्ह्यांतल्या पक्क्या निदानाच्या लेकरांची एक वही करा. मागणी एकत्र झाली की स्टॉकिस्टचा बॉक्स फुटतो, एकाचं लेकरू सुधारलं तर उरलेले डबे दुसऱ्याला जातात, एक्स्पायरीचा प्रश्नच मिटतो. दोन महिन्यांचा साठा एका कपाटात मावतो. जिल्हा नियोजन समितीच्या खर्चात हा आकडा शोधायला भिंग लागेल. वहीत नाव घालण्याआधी ‘पुन्हा देऊन बघा’ची अट घाला, म्हणजे उगाच लिहिलेले डबेही थांबतील. पण कपाटाचं भूमिपूजन होत नाही. फीत कापायला निदान दरवाजा तरी मोठा हवा.

बरीचशी लेकरं तीन ते पाच वर्षांची होईतो यातून सुटतात. बरीच त्याआधीही. आणि मग दुकानात एक वेगळाच प्रवेश घडतो. बाप येतो, पिशवीतून सीलबंद तीन डबे काढून काउंटरवर ठेवतो. लेकरू काल घरचं दही खाऊन अंगणात पळत होतं, डॉक्टर म्हणाले आता गरज नाही. डबे परत घ्या, निम्मे पैसे द्या.

दुकानदार डबा उलटा करून तारीख बघतो.

‘वापस नाई घेत भाऊ. कंपनी घेत नाई तं मी काऊन घेऊ?’

‘अजून सहा महिने आहेत जी तारखेले. मागच्याच महिन्यात तुमीच म्हनत होते, डबा भेटत नाई.’

‘भेटत नाईच ना,’ दुकानदार डबे पुन्हा पिशवीत भरून देतो. ‘पर ठेवू कोनासाठी? याले गिऱ्हाईकच नाई.’